कडककाकांचे वॉफल

तिसरा वॉफल यंत्रातून निघाला, तोही पुठ्ठ्यासारखा चपटा. कडककाकांनी तो काट्याने उचलून खिडकीच्या उजेडात धरला. खाचा रेखीव उठल्या होत्या, एक कडा वाकडी नव्हती. पण खायला घेतला तर आधी वॉफल मोडेल की दात, हे सांगणं कठीण होतं. त्यांनी तो आधीच्या दोन वॉफलांवर रचला आणि घड्याळाकडे पाहिलं. साडेनऊ! दहाच्या बसने लेक येणार होती.

कडक हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. कोपऱ्यावरच्या लाँड्रीत ते अडतीस वर्षं इस्त्री करत होते, आणि त्यांच्या हाताखालून गेलेली पँट माणसाशिवायही उभी राहते, अशी त्यांची ख्याती होती. म्हणून नाव कडक. माणूस मात्र लोण्याहून मऊ. गिऱ्हाईक भांडायला आलं तर आधी त्याला बसायला स्टूल देणार. बायको होती तोवर त्यांनी घरात कधी चहाचं आधणही ठेवलं नव्हतं. आळस नव्हता हो, बाईच त्यांना ओट्याकडे फिरकू देत नसे. "दिवसभर तिकडे वाफ खाता, तेवढी पुरे," म्हणायची. आठ महिन्यांपूर्वी ती गेली आणि काका बिस्किटांवर आले.

ही गोष्ट लेकीपासून लपून राहिली असती, पण शेजारी नर्सबाई राहत होत्या. सगळे त्यांना सिस्टर म्हणत. बाई देवमाणूस, फक्त तोंडात तीळ भिजत नसे. एकदा त्यांनी काकांकडे बिस्किटांच्या रिकाम्या पुड्यांचा ढीग पाहिला, आणि दुसऱ्याच दिवशी लेकीचा फोन. लेक दूरच्या शहरात शाळेत शिकवायची, त्यामुळे फोनवरही समोर चाळीस मुलं बसल्यासारखी बोलायची.

"बाबा, बास झालं. इकडे राहायला या. मागची खोली रिकामी केलीय मी."

"अगं, मला काय धाड भरलीय?"

"आठ महिने माणूस बिस्किटं खातोय, आणि म्हणे काय धाड भरलीय!"

"इथं माझं काम आहे, बाळा. रस्त्याने निघालो तर चार माणसं हाक मारतात. तिकडे मला कोण ओळखणार?"

"मी ओळखेन की."

काकांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग लेकच म्हणाली, "बरं, असं करू. रविवारी मी येते. तुमच्या हातचं मला पोटभर खायला घाला. जमलं तर मी पुन्हा हा विषय काढणार नाही. नाही जमलं, तर त्याच दिवशी माझ्याबरोबर निघायचं."

"ठरलं!" काका म्हणाले. फोन ठेवल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण काय बोलून बसलोय.

दोन अंडी उकडून वाढली असती तरी भागलं असतं. पण काकांनी मनात घेतलं रताळ्याच्या वॉफलचं. बायको दर रविवारी ते करायची. लेक लहानपणी ओट्याशी उभी राहून खायची, आणि हातातला संपायच्या आत दुसरा मागायची. सिस्टरने औषधाच्या चिठ्ठीमागे कृती लिहून दिली. रताळी सालासकट वाफवा, सोला, गुठळी न ठेवता कुस्करा, गार होऊ द्या. त्यात पीठ, बेकिंग पावडर, अंडी, दूध, वितळवलेलं लोणी, चिमूटभर दालचिनी. यंत्र तापलं की पीठ ओता, झाकण मिटा, वाफ यायची थांबली की उघडा. हे शेवटचं वाचून काकांच्या जिवात जीव आला. वाफेतलं त्यांना कोण शिकवणार? ती दाट कधी, विरळ कधी, कापड सुकलं कधी, हे ते पाठ फिरवूनही सांगत. आणि तरी तीन वॉफल असे निघाले होते.

दार वाजलं. लेक भलीमोठी रिकामी बॅग घेऊन आत आली, म्हणजे निकाल तिने घरूनच लावून आणला होता. तिने बापाच्या कपाळावरचं पीठ रुमाल पदरासारखा धरून पुसलं आणि ताटलीकडे बघितलं.

"हे काय बाबा?"

"वॉफल. रताळ्याचे."

तिने एक तुकडा मोडला. चावला. बराच वेळ चावला.

"चव बरोबर आहे," शेवटी ती म्हणाली. "पण हे असे कसे झाले? पुढचा माझ्यासमोर करा बरं."

काकांनी पीठ ओतलं, झाकण मिटलं. आणि मिटल्या मिटल्या डावा तळवा झाकणाच्या दांड्यावर, त्यावर उजवा, एक पाय मागे, आणि खांद्यातून सगळं वजन खाली. बाजूने पीठ फुर्रकन बाहेर आलं.

लेक आधी बघतच राहिली, मग हसत सुटली. हसता हसता ओट्याला टेकून खाली बसली. "अहो बाबा! ती काय पँट आहे?"

काका आपल्याच हातांकडे परक्याचे असल्यासारखे बघत होते. "मी दाबलं?"

"दाबलं म्हणजे! रताळ्याचं पीठ आधीच जड, त्याला फुगायला जागा नको? नुसतं मिटायचं आणि सोडून द्यायचं."

"सिस्टरने हे नाही लिहिलं."

"लिहिणार कशाला? असं दुसरं कोण करणार आहे?"

काका थोडे हिरमुसले. मग म्हणाले, "दोनाचं पीठ उरलंय. तेवढं करू दे. हे जमलं नाही तर भर माझे कपडे त्या बॅगेत."

लेक बाजूला झाली. काकांनी पीठ ओतलं, झाकण अलगद मिटलं आणि दोन्ही हात पाठीमागे धरून उभे राहिले. वाफ आली. एक हात सवयीने पुढे निघाला, दुसऱ्याने त्याला मनगटाला धरून मागे ओढलं. वाफ दाट झाली, विरळ झाली, शेवटची एक रेघ उठली आणि थांबली. काका आणखी दोन श्वास थांबले, मग त्यांनी झाकण उघडलं. टम्म फुगलेला, तांबूस, कडेला खरपूस.

लेकीने तो ओट्याशी उभी राहूनच खाल्ला. अर्धा संपला तशी हातातला संपायची वाट न बघता दुसरा हात पुढे केला. काकांनी तोवर दुसरा काढला होता, तो तिला दिला, त्यावर मध सोडला, तोही तिने संपवला.

"जमलं बाबा," ती म्हणाली.

"मग? शब्द म्हणजे शब्द!" काकांची छाती दोन इंच वर आली होती.

"शब्द म्हणजे शब्द."

तेवढ्यात तिचा फोन वाजला. जावई होता. ती बाहेरच्या खोलीत गेली. काका यंत्र पुसू लागले. भिंत पातळ, ऐकायचं नव्हतं तरी ऐकू आलं.

"नाही, बाबा येत नाहीयेत... भांडलो नाही रे. खाल्लं ना, पोटभर खाल्लं... हो. जमतंय त्यांना एकट्याला." मग तिचा आवाज खाली आला. "मागच्या खोलीत बाबांसाठी लावलेले पडदे इतक्यात काढू नकोस. राहू देत."

फडकं काकांच्या हातातच राहिलं. आपण जिंकलो, हे त्यांना कळत होतं. इतकं वाईट वाटेल हे मात्र आधी कळलं नव्हतं. फोन ठेवल्याचा आवाज आला, पण लेक आत आली नाही. त्यांनी घसा साफ केला आणि गरजेपेक्षा मोठ्याने हाक मारली.

"अगं, तो दुसरा जरा आतून कच्चाच राहिला होता, नाही?"

बाहेरून रिकाम्या बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला.

"नाही हो बाबा," ती म्हणाली. "छान झाला होता."