नर्सताईची खात्री

साडेचारला परीक्षेसाठी नोंदणी केलेल्यांची यादी उघडली. नर्सताईचं नाव नव्हतं.

ती सकाळी आमच्या कॉलेजात पदवीच्या शेवटच्या वर्षाला शिकते आणि संध्याकाळी पाचपासून रुग्णालयात ड्युटी करते. वर्गात सगळ्यांत मोठी, म्हणून मीही ताईच म्हणतो. मी डिजिटल साक्षरता शिकवतो आणि गुणही माझ्या पद्धतीनं देतो. अधूनमधून विद्यार्थ्यांना फसवे मेल पाठवायचे. लिंक दाबली की गुण गेले. मागच्या महिन्यात तर मी स्वतःच फोन करून पासवर्ड मागितले. सर विचारतायत म्हटल्यावर निम्मा वर्ग देऊन मोकळा झाला. नर्सताईनं फोन ठेवला. वर्गात मी तिचं कौतुक केलं, जरा जास्तच.

आणि आता ऑफिसचा खराखुरा मेल आला होता. आज पाचपर्यंत या लिंकवर स्वतःच्या पासवर्डनं नोंदणी करा, नाहीतर परीक्षेला बसता येणार नाही. अशुद्ध मजकूर, धमकी, घाई. असला मेल लिहिणाऱ्यालाच माझ्या वर्गात बसवायला हवं. नर्सताईनं तो उडवला असणार, आणि तिचं अख्खं वर्ष जाणार होतं.

मी फोन केला. मेल खरा आहे, डिलीट केलेला परत काढा, वीस मिनिटं उरलीत, सगळं एका दमात सांगितलं. बोलतानाच कळत होतं, भामट्याची एकेक खूण माझ्याच तोंडून बाहेर पडत होती.

"सर, मी ऑफिसला फोन करून खात्री करते," ती शांतपणे म्हणाली.

उत्तर अगदी बरोबर होतं. मला मात्र रडू यायचं बाकी होतं, कारण आमच्या ऑफिसात फोन कोण उचलतं? दोन जिने धावत उतरलो. क्लार्कबाई आतल्या खोलीत गठ्ठे बांधत होत्या आणि बाहेर फोन वाजत होता. पाचला सहा मिनिटं कमी. त्यांना बोलावेपर्यंत रिंग थांबेल या धास्तीनं मीच झडप घातली.

"मेल खरा आहे, लवकर करा."

पलीकडे नर्सताईनं माझा आवाज ओळखला. मग ती हसली.

"सर, ऑफिसच्या फोनवरही तुम्हीच? या वेळी फारच तयारी केलीत. पण मी नाही फसणार."

तिनं फोन ठेवला. मी तिचा नंबर लावून क्लार्कबाईंच्या हातात रिसीव्हर दिला. त्यांनी तीनदा लावला. नर्सताई मोबाइल बंद करून, निर्धास्त मनानं ड्युटीवर गेली होती.