उत्तरेचं परस्थान

राधाकिशनराव चाळीस वर्षं निजामाच्या पैमाइशीत होते. लोकांच्या जमिनी मोजत, साखळी ओढत गावोगाव फिरले आणि नोकरी सुटल्यावर गुडघे धरून बाजेवर बसले. बसल्या बसल्या या माणसानं काय करावं, तर उत्तर ध्रुवाला जायचं ठरवलं!

निमित्त झाले चंद्रभान मास्तर. शाळेतला जगाचा नकाशा वाळवीनं कडेनं खाल्ला, तो त्यांनी मोठ्या मनानं यांना देऊन टाकला. झालं. रोज दुपारी बाजेवर नकाशा पसरायचा आणि त्यावर सुतळी ताणायची. मुंबईहून एडन, पुढं विलायत, पुढं नॉर्वे, आणि तिथून बर्फातून वाट काढत जाणारी बोट.

"तिथं एक बी शिवेचा दगड न्हाई," ते बायकोला सांगत. "सगळं पांढरं. भावाभावाची भांडणं न्हाईत, काई न्हाई. सहा महिने दिवस मावळत न्हाई बघ."

जिंतूरच्या पलीकडं कधी न गेलेली केशरबाई ज्वारी निवडता निवडता ऐकायची. ऐकता ऐकता तिला दिसायचं, पूर्णेचं पाणी थिजून पांढरं झालंय, बोट हळूहळू चाललीय, काठावर चिटपाखरू नाही. हातातलं सूप थांबायचं. मग ध्यानात यायचं, नवरा सारखा 'मी'च म्हणतोय. मी एडनला उतरीन, मी कानटोपी घालीन. चाळीस वर्षं ते गाडीत बसून गेले आणि हिनं दारातून धूळ बघितली. आता कागदावरसुद्धा तेच? तिला फार लागलं. पण या वयात 'मला न्याल का' असं विचारणं तिच्या जिवावर येई. त्यापेक्षा ती चोळीवरून आदळआपट करी. तिची खणाची चोळी चार दिवसांपासून सापडत नव्हती.

मार्गशीर्षात मास्तर म्हणाले, "राधाकिशनराव, लढाई चालू हाय. बोटी बंद हायेत."

"मग परस्थान ठेवू," हे म्हणाले. मुहूर्त आहे पण निघणं जमत नाही, अशा वेळी आपलं बोचकं जायच्या दिशेच्या घरी नेऊन ठेवतात. प्रवास सुरू झाला असं धरतात, आणि निघेपर्यंत ते बोचकं माघारी आणत नाहीत.

दशमीचा दिवस धरला. बोचकं तर यांनी आपल्या हातानं आधीच बांधून ठेवलं होतं. गावाच्या उत्तरेला शेवटचं घर धुरपताबाईचं. गुडघे काही उठू देईनात, तेव्हा बोचकं न्यायचं काम केशरबाईच्याच गळ्यात पडलं. आपल्याच हातानं यांना वाटेला लावायचं म्हणून ती तोंड फुगवून, धाबळी पांघरून निघाली.

"कुणीकडं निघाले राव?" धुरपताबाईनं विचारलं.

"बर्फात."

"अन् तांदूळ-सुपारी घातली का? गडीमाणसं इसरतात बाई."

म्हणून केशरबाईनं गाठ सोडली. तांदूळ होते. सुपारी होती, हळकुंड होतं. कानटोपी होती. आणि टोपीखाली, नीट घडी घातलेली, तिची खणाची चोळी.

ती उंबऱ्यावरच बसली. डोळे भरून आले ते तिनं पुसलेसुद्धा नाहीत.

"काय झालं गं?"

"काई न्हाई." केशरबाईनं अंगावरची धाबळी काढली, घडी घालून चोळीवर ठेवली आणि गाठ पक्की आवळली. "नीट ठेव गं धुरपता. दोघांचं हाय. तिथं लय थंडी असती."