पट्टीखालचा अंगठा

ट्रेमध्ये गॉजची सात पाकिटं, हातमोज्यांचे चार जोड, सलाइनची अर्धी बाटली आणि चिकटपट्टीचं एक रीळ होतं. लेकीने पुन्हा मोजलं. काल गॉजची बारा पाकिटं होती. एका तळपायाला एका दिवसात पाच?

“सिस्टर घरी नेत असणार,” ती आईला म्हणाली.

“नेऊन काय करेल गं, पडदे शिवेल?” आई पलंगावरून म्हणाली.

लेक हसली नाही. आईला मधुमेह होता आणि तळपायाच्या जखमेत पू झाला होता. महिनाअखेरच्या तपासणीपर्यंत पू थांबून जखम भरायला लागली नाही, तर पायाची दोन बोटं काढावी लागतील, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. सिस्टर रोज सकाळी येऊन जखम धुऊन पट्टी बदलायची. बोलायला गोड, पण जखम काही चार सेंटीमीटरवरून हलेना. जखम बरी झाली की हिचं काम संपणार! म्हणूनच ही ती भरू देत नाही, असं लेकीच्या डोक्यात पक्कं बसलं.

तिने पुरावे गोळा करायला घेतले. संध्याकाळी ऑफिसातून आली की पर्स टाकायची, आईची पट्टी एका कडेने उचलायची, मोबाइलवर फोटो काढायचा आणि तीच पट्टी परत चिकटवायची.

“तिला कळू देऊ नकोस,” ती आईला दटावायची.

एका सकाळी सिस्टरने हात धुऊन हातमोजे चढवले, पट्टीला हात घातला आणि ती थांबली. चिकटपट्टीच्या आतल्या बाजूला निळ्या लोकरीचे तंतू चिकटले होते. लेकीचा स्वेटर निळा होता.

“आजी, ही पट्टी मधे कोण उघडतं?”

आईने भिंतीकडे पाहिलं. लेक मात्र उसळली. “वा! म्हणजे आमच्यावरच उलटवा! गॉज भराभर संपतं, जखम तशीच. फोटो आहेत माझ्याकडे, तक्रार करणार आहे मी!”

“दाखवा ना, ताई.”

सिस्टरने एकेक फोटो पाहिला. “हा अंगठा कुणाचा?”

प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात पट्टी वर धरणारा एक उघडा अंगठा होता. नखाला ऑफिसच्या शिक्क्याची जांभळी शाई, आणि नखाच्या अगदी खाली ओली जखम. लेकीला बसचा दांडा आठवला, जिन्याचा कठडा आठवला. हात धुतल्याचं काही आठवेना!

“गॉज एकदा फिरवलं की टाकायचं,” सिस्टर म्हणाली. “तेच परत फिरवलं तर घाण पुन्हा आत जाते, म्हणून इतकं लागतं. खरं सांगू? मलाही तुमचाच संशय होता. मी साफ करून जाते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पू. पण आजपर्यंत विचारायला जीभ रेटली नाही. तिथे मी चुकले.”

“आणि मी लेक दुखावेल म्हणून तोंड शिवून बसले,” आई म्हणाली. “अगं, शंका आली तर माणसाला विचारावं. तू माझ्या पायाची उलटतपासणी घेत बसलीस! तिघींनी मिळून माझी बोटं पणाला लावली की नाही?”

लेकीचे डोळे भरून आले. ती बेसिनपाशी गेली आणि तिने मनगटापर्यंत साबण लावून हात चोळचोळून धुतले. “सिस्टर, मला समोर उभं राहून बघू द्या. समजावून सांगा.”

आपल्या घरांतही याहून वेगळं काय चालतं? शंका येणं गैर नाही. ती तोंडावर न विचारता चोरून तपासत राहणं गैर. आणि जखमेपाशी जाणारा हात कितीही मायेचा असो, तो धुतलेलाच हवा!

महिनाअखेरीला डॉक्टरांनी पट्टी काढून मोजपट्टी लावली. पू नव्हता. लांबी भरली दोन पूर्णांक सहा सेंटीमीटर.