शनिवारी शाळेत असणारी हर्षा

महाल भागातल्या आमच्या दवाखान्यात शनिवारी सिकलसेलची, म्हणजे रक्ताच्या त्या आजाराची पोरं येतात, म्हणजे यायला हवीत. येतात त्यांचे बाप. पोरगं बरं असलं की ते शाळेत आणि गोळ्या न्यायला बाप. पोरगं आलंच तर तापानं फणफणलेलं, आणि अशा तापात आमच्या डॉक्टर उत्तरा मॅडम फ्लूची लस टोचत नाहीत. म्हणून चव्वेचाळीस पोरांपैकी लस झाली होती नऊ जणांची. फुकट आलेल्या लशी फ्रीजमध्ये आराम करत होत्या. रजिस्टर माझ्याकडे, म्हणजे लाजही माझ्याकडेच.

चंद्रभान इतवारीत टेम्पो चालवतो. त्याची हर्षा दहा वर्षांची. मागच्या थंडीत फ्लूनं तिला अकरा दिवस ऑक्सिजनवर ठेवलं. हाडं ठणकायची तेव्हा ती रडायची नाही, फक्त "पांघरूण हळू टाका" म्हणायची. थंडी पुन्हा तोंडावर आली होती.

"हर्षा कुठं आहे?"

"शाळेत गेली ना ताई. एकदम मस्त आहे."

गोळ्या खिशात घालून जाता जाता त्यानं आमच्या फिल्टरवर एक गुलाबी बाटली भरून घेतली. या पोरांना सारखं पाणी प्यावं लागतं, बाटलीशिवाय ती कुठं जात नाहीत.

"भाऊ, पोरगी शाळेत, अन् बाटली इथं?"

तो झाकण लावत राहिला. तेवढ्या वेळात टेम्पोचं चाक बदलून झालं असतं.

मी जिना उतरून रस्त्यावर आले. टेम्पो कोपऱ्यावर उभा होता आणि हर्षा पुढच्या सीटवर.

"काय वं, शाळा इथं भरून राहिली का?"

"बाबा म्हणते, तुम्ही विचारलं तर मी शाळेत आहो," ती इमानदारीत म्हणाली.

चंद्रभान मागून आला. "सुईनं ताप येते ताई. अन् ताप आला का हिचे हाडं ठणकते. मीच हाताने आणू का तिले ताप?"

वर्षभर मी त्याच्या नावापुढं "मूल आणलं नाही" लिहीत होते. काहून, हे एकदाही विचारलं नव्हतं.

"येईल कदाचित, एखादा दिवस, बारीकसा," मी म्हटलं. "पण आपल्याले आधीच माहीत राहीन. गोळी जवळ, पाणी जवळ, माझा फोन चालू. मागच्या वेळचा ताप सांगून आला होता का?"

"मले विचारा ना कोणी," हर्षा म्हणाली. "मागच्या वर्षीचा नको. हा चालते."

वर नेल्यावर मॅडमनी तपासलं, लस टोचली. सुईकडं हर्षानं पाहिलं, बापानं भिंतीकडं.

संध्याकाळी फोन आला. "ताई, आला. शंभर."

"हाडं?"

"काही नाही. पोहे मागून राहिली."

"मग पोहे द्या, पाणी पाजा, मॅडमनं सांगितलेली गोळी द्या. एकशे एक झाला, नाही तर कुठं दुखलं, तर वाट पाहू नका, थेट आणा."

सकाळपर्यंत ताप उतरला.

सोमवारी मी रजिस्टरमध्ये "काहून" असा नवा रकाना आखला आणि राहिलेल्या चौतीस घरी फोन लावले. निम्म्याहून जास्त बाप तापालाच भ्यायलेले निघाले. त्यांना मी चंद्रभानचा नंबर दिला. माझ्यावर नाही तरी त्याच्यावर विश्वास बसेल, त्यानं ती रात्र काढली होती.

दिवाळीपर्यंत एकेचाळीस जणांची लस झाली. उरलेल्या तिघांच्या बापांनाही त्याचा नंबर दिला, तसा दुपारी त्याचाच फोन.

"ताई, मी टेम्पो चालवू का फोन उचलू?"

"दोन्ही करा भाऊ. पण गाडी बाजूला घेऊन."