दोनशे बारा सेंटीमीटरवरची उडी

मावशी प्रयोगशाळेत सगळ्यांच्याच मावशी होत्या. मशीनवर बसणारी मुलगी तेवढी त्यांची सख्खी भाची. समुद्राच्या तळातून काढलेला गाळ धुवायचा, चाळायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली ओल्या कुंचल्याने मोहरीहून बारीक शिंपले वेचायचे, यात मावशींची सव्वीस वर्षं गेली होती. भाची त्या शिंपल्यांतला जड ऑक्सिजन मोजायची. तो जास्त, तर त्या काळी ध्रुवांकडे बर्फ जास्त; कमी, तर बर्फ वितळून समुद्राला मिळालेलं.

प्रयोगशाळेचे प्रमुख असलेले सर वीस वर्षं सांगत आले होते, की ते बर्फ अगदी हळूहळू वितळलं. आणि गाळाच्या दोनशे बाराव्या सेंटीमीटरवर आकडा धाडकन खाली आला.

"मावशी, शिंपले नीट धुतले नाहीत तुम्ही," सर म्हणाले.

मावशींनी नवे वेचले. आकडा तोच. तिसऱ्यांदाही तोच. "नमुनाच खराब," म्हणत सरांनी ते ठिपके आलेखातून उडवले.

मावशींच्या ते जिव्हारी लागलं.

"आकडा पटेना, शिंपले वाकडे," त्या भाचीला म्हणाल्या. "तू उडवलेले ठिपके परत घाल आणि सेंटीमीटरचे आकडे पुसून आलेख छाप. पुढचं मी बघते."

"मावशी, नोकरी जाईल."

"तुझी नाही जाणार."

समोरच्या खोलीत असाच गाळ तपासणाऱ्या मॅडम आणि सर यांच्यातून विस्तव जात नव्हता. चहाच्या वेळी मावशींनी कागद सरांपुढे सरकवला. "मॅडमचा गाळ आहे. त्या म्हणतात, ही उडी म्हणजे नमुन्यातली खोट."

सरांनी चष्मा चढवला. "खोट कसली? तीनदा मोजलंय, तिन्ही ठिपके एकाच जागी. बर्फ झपाट्याने गेलंय, दिसत नाही त्यांना?" आणि लाल पेनाने त्यांनी तसं लिहिलंही.

"खाली सही करा, सर. नाहीतर म्हणतील, मीच गिरबटलं."

सरांनी झोकात सही ठोकली.

"आता सांगते," मावशी म्हणाल्या. "गाळ आपलाच. दोनशे बारा."

भाची मशीनमागे खाली वाकली, काहीतरी उचलायचं असल्यासारखी. सर कागदाकडे बघत राहिले.

"तुम्ही माझ्याशी खोटं बोललात."

"बोलले. पण धुण्यात कसर नव्हती."

सर उठले आणि कागद घेऊन समोरच्या खोलीत शिरले; चार वर्षांत प्रथमच. मावशीही कारण नसताना एक रिकामा ट्रे घेऊन मागोमाग गेल्या.

मॅडमनी आलेख पाहिला आणि टेबलाचा खालचा खण उघडला. त्यांच्या गाळाचा आलेख निघाला. तोही तसाच कोसळलेला, दोन वर्षांपूर्वीचा.

"तुम्ही भर सभेत माझी खिल्ली उडवली असती, म्हणून ठेवून दिला होता," त्या म्हणाल्या.

"उडवली असती," सर म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले.

दोन्ही कागद शेजारी ठेवले गेले. पाचच मिनिटांत, आधी उत्तरेचं बर्फ गेलं की दक्षिणेचं, यावरून दोघांची जुंपली. मावशींनी हळूच दार लोटून घेतलं.