मिसच्या चर्चपेक्षा जुनी

आखातातल्या बिन महमूद वस्तीत, दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलावर इंग्लंडमधलं एक खेडं पसरलं होतं. आठ वर्षांच्या इनायानं चार्ट पेपरवर दोन ओढे काढले होते, ते मिळतात तिथे पाणचक्की, टेकडीवर आठशे वर्षांचं दगडी चर्च, मेंढ्यांचं तळं. खाली लिहिलं होतं, घरं त्र्याऐंशी. नेदर ॲलम, तिच्या शाळेतल्या मिस हॅरिएटचं गाव.

प्रोजेक्ट होता कुठल्याही एका गावाचा भूगोल आणि इतिहास. कुठल्याही! आणि पोरीनं उचललं ते मिसचं. तिच्या आईची, रुकैयाची, नुसती जळजळ झाली. तान्ह्या फुजैलला खांद्यावर थोपटत ती म्हणाली, "आपलं गाव काय वाईट होतं गो?"

"अम्मी, देअर इज नथिंग देअर. ओन्ली नाना."

"नथिंग? खाडी आहे, बंदर आहे. मशीद तर नऊशे वर्षांची आहे!"

हा आकडा कुठून आला ते रुकैयालाही कळलं नाही. पण इनायाची पेन्सिल थांबली.

"ओल्डर दॅन मिसचं चर्च?"

"शंभर वर्षांनी जुनी!"

लेक डोळे मोठे करून बघत राहिली. असे डोळे रोज त्या मिसच्या वाट्याला येतात, रुकैयाच्या मनात आलं.

शुक्रवारी दुपारी रत्नागिरीकडच्या गावाहून नानांचा व्हिडिओ कॉल आला. रुकैयानं हात पुढे करायच्या आत इनायानं फोन ओढला. "नाना, आपली मशीद नऊशे इयर्स?"

नाना खो खो हसले. "कोन म्हनला गो बाय? अठ्ठ्याहत्तर सालात बांधली. जुनी कौलारू होती, ती वादळात पडली. आमी होडीतून चिरे आणले. एक होडी बुडाली, तिच्यासंगं मी पन!"

इनायानं आईकडे पाहिलं. रुकैयाचे कान तापले. "खोटं बोलले मी. मिसच्या गावापुढे आपलं कमी दिसू नये म्हणून."

पण इनाया पुन्हा फोनला चिकटली होती. "मग नाना? चिरे खाली गेले? तुम्ही कसे आले वर?"

मराठीत! आईला एक धड वाक्य मराठीत न देणारी पोरगी.

रुकैया शेजारी टेकली. हे अब्बांनी तिला कधी सांगितलं नव्हतं. तिनं विचारलंही नव्हतं. "अब्बा, होडी कुणाची होती?"

"अम्मी, वेट!" इनायानं कोपरानं तिला सारलं. "माझा टर्न."

पुन्हा तीच जळजळ, आणि या खेपेला सख्ख्या बापावरून. खालच्या बकाल्याच्या दुकानातून आपल्या गावासाठी नवा कोरा चार्ट पेपर आणावा म्हणून रुकैयानं चपला घातल्या, फुजैलला कडेवर घेतलं, आणि दार अर्धं उघडून तिथेच ऐकत उभी राहिली.