तीन नंबरचं घर

नेमबाजी क्लबच्या मागच्या बाजूला काडतुसं भरायची खोली होती आणि त्या खोलीच्या रजिस्टरची मालकीण शुभदा होती. मालकीण म्हणजे मानद. सिंगापूरच्या दुसऱ्या टोकाच्या सेंगकांगहून दर शनिवारी दोन बस बदलून यायचं, किती प्रायमर आले, किती पावडर गेली, किती काडतुसं झाली ते लिहायचं आणि खाली सही करायची. तिच्या सहीशिवाय एकही खोकं रेंजवर जात नसे. पेशाने ती अकाउंटंट, त्यामुळे आकड्यांपेक्षा आकडे सांगणाऱ्या माणसाच्या तोंडाकडे बघायची तिला सवय होती.

त्या शनिवारी समोर निशिकांतचं तोंड होतं.

निशिकांत चांगी बिझनेस पार्कमधल्या एका बँकेत कसलासा व्हाइस प्रेसिडेंट होता. त्या मजल्यावर चहावाला सोडून सगळेच व्हाइस प्रेसिडेंट, पण हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. दिवसाला चाळीस कागदांवर न वाचता सही करतो, हे तो कौतुकाने सांगे. यंदा तो क्लबच्या पिस्तूल संघाचा कप्तान झाला होता. रविवारच्या सामन्याला चार जणांची नावं तोच बोर्डावर लावणार होता. तिघांची ठरलेली होती. चौथी जागा शुभदाला हवी होती. पाच वर्षं ती राखीव म्हणून बाकावर बसली होती आणि या वर्षी तिचे गुण अभयपेक्षा सरळसरळ जास्त होते.

अभय म्हणजे निशिकांतच्याच ऑफिसातला. नेम बेताचा, पण "वा सर" मात्र वेळेवर.

क्लबने काडतुसं भरायचं नवीन प्रेस घेतलं होतं. जुन्यावर एक दांडा ओढला की एक काम व्हायचं. या नव्यावर गोल तबकडी होती आणि तबकडीवर पाच घरं. पहिल्या घरात पुंगळीच्या बुडातला जुना प्रायमर, म्हणजे ठिणगी पाडणारी टोपी, निघून नवा बसतो, दुसऱ्यात पावडर पडते, तिसऱ्यात पावडर पडली की नाही ते तपासणारा भोंगा, चौथ्यात गोळी दाबून बसते, पाचव्यात तोंड आवळलं जातं. एकदा दांडा ओढायचा, अंगठ्याने तबकडी एक घर सरकवायची, परत ओढायचा. दर ओढीला एक तयार काडतूस टोपलीत.

"टान अंकल जोडून देतील," शुभदा म्हणाली. टान म्हणजे क्लबचे म्हातारे मेकॅनिक.

"अहो ताई, त्यांना कशाला त्रास? मी पाच व्हिडिओ बघितलेत."

"दोनदा बघितलेत सरांनी," अभयने भर घातली.

टान दारात चहाचा कप घेऊन उभे राहिले आणि हसले. त्यांचं हसणं शुभदाला कळलं. निशिकांतला तो आदर वाटला.

निशिकांतने तबकडीवर एकच पुंगळी ठेवून सगळी घरं जुळवली. लांबी मापली, बरोबर आली. मग पाची घरं भरून दांडा ओढला तर काडतूस लांब यायला लागलं. पाचही घरांचा जोर एकदम आला की तबकडी किंचित वाकते. भरलेल्या तबकडीवरच माप लावायचं असतं.

"Full plate, then adjust lah," टान म्हणाले.

"टॉलरन्स, अंकल, टॉलरन्स," निशिकांत म्हणाला आणि त्यांची पाठ फिरल्यावर त्याने अंदाजाने स्क्रू पिळला.

भोंग्याचं तर त्याच्याशी पहिल्यापासूनच जमलं नाही. त्याची दांडी पावडरच्या उंचीला लावायला हवी होती. निशिकांतने ती डोळ्यांनी लावली, त्यामुळे भोंगा दर ओढीला केकाटू लागला. चार वेळा त्याने स्क्रू फिरवला आणि पाचव्या वेळी बॅटरीच काढून खिशात टाकली.

"हे काय?" शुभदाने विचारलं.

"फॉल्स अलार्म. ऑफिसात आम्ही असले अलर्ट पहिल्या आठवड्यातच बंद करतो."

शुभदाने ते रजिस्टरात लिहिलं, वेळेसकट. मग भरून येईल ते खोकं पेन्सिलीने नंबर घालून ती ओळीने मांडत गेली. एक, दोन, तीन. अभय मोबाइलवर चित्रण करत होता.

चौथं खोकं भरत असताना निशिकांतचा फोन वाजला. मुंबईहून कोणी विवेक. निशिकांत दांडा सोडून पॅसेजमध्ये गेला, विवेकला दहा मिनिटं झापलं, आला आणि अंगठ्याने तबकडी एक घर सरकवली. शुभदाने मान वर केली. जाण्याआधीही त्याने ती सरकवलेली होती, दांडा मात्र ओढलेला नव्हता.

"निशिकांतराव, दोनदा फिरली ती."

"छे हो. मोजून करतोय मी."

पुढच्या दोन-चार ओढींत गोळी वाकडी बसलेलं एक काडतूस बाहेर पडलं. मग एक निघालं, त्याच्या बुडाला जुनाच ठोकलेला प्रायमर. निशिकांतने दोन्ही भंगारात टाकली. "स्क्रॅप दोन. आजच्या चारशेत दोन म्हणजे अर्धा टक्का. जागतिक दर्जा!"

"वा सर."

शुभदाने रजिस्टरावर पेन ठेवलं आणि मनातल्या मनात हिशेब मांडला. तबकडी फुकट फिरली म्हणजे प्रत्येक घरातल्या पुंगळीचं एकेक काम बुडालं. पहिल्या घरातल्या पुंगळीचा प्रायमर राहिला, ती भंगारात दिसते आहे. चौथ्यातल्याची गोळी राहिली, तीही दिसते आहे. पाचव्याचं तोंड जरा सैल राहिलं असेल, त्याने फार बिघडत नाही. दुसऱ्या घरातल्या पुंगळीची पावडर राहिली. ती बाहेरून इतरांसारखीच चकचकीत दिसणार. तिला अडवायला तिसऱ्या घरात भोंगा होता आणि त्याची बॅटरी निशिकांतच्या खिशात होती. पावडर नसलेलं काडतूस उडवलं की नुसत्या प्रायमरच्या जोराने गोळी नळीत अर्ध्यात अडकते. नेमबाजाला वाटतं, हलका बार झाला. तो पुढची झाडतो आणि पिस्तूल हातात फुटतं.

पन्नास-पन्नासची आठ खोकी झाली. निशिकांतने रजिस्टर तिच्यापुढे सरकवलं.

"करा सही, ताई."

"करते. आधी पाच तुम्ही रेंजवर उडवून दाखवा."

"त्यात काय!" निशिकांतचा हात खोक्यांवरून फिरला आणि पहिल्या नंबरच्या खोक्यावर थांबला.

"चौथ्यातली घ्या."

"चौथंच कशाला?"

"तेही तुमचंच आहे की."

निशिकांतने अभयकडे बघितलं. अभय मोबाइलकडे बघत होता. तोंडाने मोजण्यात गोंधळ असला तरी निशिकांतच्या हाताला सगळा हिशेब पाठ होता. तो चौथ्या खोक्याकडे सरकेना.

"ताई," आवाज मऊ करत तो म्हणाला, "उद्याची यादी अजून लागलेली नाही बरं का. आपण समजुतीने घेणारी माणसं. म्हटलं, या वर्षी तुम्हाला संधी द्यावी."

पाच वर्षांचा तो बाक शुभदाच्या डोळ्यांपुढून गेला. मग उद्या त्याच आठ खोक्यांतून संघातल्या कोणाच्या तरी हातात जाणारं ते चकचकीत काडतूस दिसलं. तिने सहीच्या जागी 'नामंजूर' लिहिलं.

"घरी पाहुणे यायचेत," असं म्हणत निशिकांत टॅम्पिनीसला निघाला. जाताना बोर्डावर यादी लावायला विसरला नाही. चौथं नाव अभयचं. काडतुसं दुकानची आणायची, असंही खाली होतं.

शुभदा आणि टान चौथं खोकं फोडायला बसले. प्लास्टिकच्या हातोडीत काडतूस अडकवून आपटलं की गोळी आणि पावडर निघून हातोडीच्या पोकळ पोटात पडते. एकोणतिसाव्याला नुसती गोळी पडली. टाननी हातोडी उलटी करून झटकली. काही नाही.

"Empty lah," ते म्हणाले आणि शुभदाच्या हाताकडे बघत राहिले. सामन्यासाठी तिने नखं बारीक कापली होती.

सोमवारी क्लबच्या ग्रुपवर निशिकांतचा मेसेज आला: आपल्या काटेकोर तपासणीमुळे एक सदोष काडतूस वेळीच सापडलं. खाली अभयचा अंगठा.

पुढच्या शनिवारी शुभदाने निशिकांतपुढे रजिस्टर ठेवलं. तिने सगळं क्रमाने लिहिलं होतं: भोंग्याची बॅटरी कोणी काढली, फोन किती वाजता आला, तबकडी कोणी दोनदा फिरवली, पाच उडवायला सांगितल्यावर कोणत्या खोक्यावर हात गेला. शेवटची ओळ अशी होती: सदर व्यक्तीस यापुढे प्रेसला हात लावू देऊ नये.

"त्या सदोष काडतुसाची नोंद आहे," ती म्हणाली. "तुमचं नाव आहे. खाली सही लागेल."

"माझं नाव आहे ना? झालं तर मग," निशिकांत म्हणाला आणि न वाचता झोकात सही केली. टाननी खोलीला कुलूप लावून किल्ली शुभदाकडे दिली.